घर क्रमांक सतरा

धडगावनंतर दोन घाट, मग डांबर संपलं,
मग मुरूम संपला,
मग पाणी.
मशीन मांडीवर घेऊन मी होडीत बसलो,
तापलेलं पोर दवाखान्यात न्यावं तसा.
मागे लोटन बोरसे, पेटीवर पेटी, शिक्क्यावर शिक्का,
फडक्यात कळण्याची भाकरी, लसणाची चटणी.
म्हणे, भो, इतलं पाणी तं मी तापीलेबी देखं नही.

खेमजा वल्हवत होता. मध्येच थांबला.
वल्हं उभं धरून म्हणाला, इथे शाळा.
थोडं पुढे,
इथे रुल्याचं घर.
मी यादी उघडली, मांडीवरच, मशीनच्या पाठीवर:
रुल्या नुरजी पावरा, वय बावन्न,
घर क्रमांक सतरा.
खाली वाकून पाहिलं. हिरवं पाणी.
सागाचं एक वाळकं टोक वर आलेलं,
त्यावर पंख वाळवत पाणकावळा.
यादी दरवर्षी सुधारतात.
पत्ता राहून जातो.

टापूवर अकरा घरं. मतदार एकेचाळीस.
संध्याकाळी मोहाखाली त्यांची बैठक होती,
आमच्यासाठी नव्हे, डोंग्याच्या इंजिनासाठी:
कोणाच्या दारात ठेवायचं, डिझेल कोणी आणायचं.
हात वर झाले नाहीत. कोणी मोजलं नाही.
एक म्हातारी नाही म्हणाली
तर सगळे तिच्याकडे तोंड करून बसले,
आणि बसूनच राहिले,
चूल विझली, पोरं झोपली,
मग ती काहीतरी पुटपुटली आणि लोक हसत उठले.
मी विचारलं, बहुमत घेऊन मोकळे का होत नाही?
दित्या कारभारी म्हणाला,
एक जण बाहेर उरला तर तो जाईल कुठे, सर?
टापूच एवढासा.

पहाटे साडेपाचला चाचणी.
नियमाने पन्नास मतं तरी टाकायची असतात.
दोन पक्षांचे दोन एजंट, मावसभाऊ,
एकाच घोंगडीत बसून बटणं दाबत होते.
लोटन हसला. टापू धाकला, तालीम मोठी!
मग ती पन्नास पुसली,
मशीन फिरवून सगळ्यांना दाखवलं:
शून्य.
शून्य अगदी लांबूनही नीट दिसलं.

सात वाजता बाया आल्या, डोक्याला तेल लावून.
बोंडीबाईची डावी तर्जनी विळ्याने गेलेली,
तिने सगळा पंजाच पुढे केला, घे, कुठलंही घे.
पुस्तकात लिहिलंय, मी पुढच्या बोटाला शाई लावली.
चिठ्ठी काचेमागे सात सेकंद थांबते,
ती प्रत्येकजण श्वास धरून बघायची,
विहिरीत पडलेली घागर बघावी तशी.
साडेदहाला चाळीस झाले.

एकेचाळीसावा समोरच बसला होता.
मी बाहेर जाऊन म्हटलं, रुल्याभाऊ, चला.
तो म्हणाला, यादीत काय लिहिलंय ते वाचा.
मी वाचलं.
म्हणाला, सतरात मी राहत नाही.
सतरात मासे राहतात.
त्यांना विचारा.

दुरुस्तीचा अर्ज असतो, मी म्हटलं. आठ नंबरचा.
चार वेळा दिलाय, तो म्हणाला. रागाने नाही.
मला पुढचं वाक्य कोणी शिकवलेलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर एकेक करून ते आले
आणि त्याच्याकडे तोंड करून बसले.
शाईची चाळीस बोटं गुडघ्यांवर.
कोणी त्याला काही म्हणत नव्हतं.
बकऱ्या मधून गेल्या. ऊन मोहावरून उतरलं.
पाच. साडेपाच.
लोटन दारात उभा राहून घड्याळ बघत होता,
मी मनात म्हणत होतो, ऊठ.
मग, ऊठू नको.
मग पुन्हा, ऊठ.

सहा वाजता मी बटण दाबून केंद्र बंद केलं.
सतरा क भरला: एकूण चाळीस.
सही, सही, लाख, दोरा.
सत्त्याण्णव टक्के, लोटन म्हणाला, साहेब खूश होतीन.
ते मात्र तसेच बसलेले.
त्यांच्या हिशोबाने
निवडणूक अजून चालू होती.

परतताना अंधार. मशीन पुन्हा मांडीवर,
आता जड वाटत होतं, खरं तर तेवढंच होतं.
खेमजाने काही सांगितलं नाही.
एका ठिकाणी फक्त वल्हं उचललं
आणि होडी आपली आपण
थोडी पुढे जाऊ दिली.